एका घरात रोज दोन स्वयंपाक? परदेशातल्या रात्रीच्या जेवणाबद्दल थोडं

प्रश्न असा आलाय: आम्ही जर्मनीत राहतो, दोघांचीही नोकरी, मुलगा सहा वर्षांचा आणि मुलगी तीनची. घरी पोचेपर्यंत साडेपाच होतात, मुलांना तेव्हाच भूक लागलेली असते म्हणून त्यांना पास्ता नाहीतर ब्रेड-चीज देते आणि मग आठला आमच्यासाठी पोळी-भाजी, आमटी-भात. रोज दोनदा स्वयंपाक, दोनदा भांडी, आणि मुलं आपलं जेवण जेवतच नाहीत याचं वाईट वाटतं ते वेगळंच. काय करू?

ताई, सगळ्यात आधी मुलांचं वेगळं जेवण बंद करा. अगदी येत्या सोमवारपासून. ऐकायला कडक वाटेल पण यात जबरदस्ती काही नाहीये, कारण आपला स्वयंपाक मुळातच लहानमोठ्या सगळ्यांनी एका पंगतीला बसून जेवायचा आहे. ताट कसं वाढतात बघा ना, उजवीकडे भाजी-आमटी, समोर वरणभात, आणि डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. म्हणजे झणझणीत, आंबट, खारट जे काय असेल ते डावीकडे, ज्याला हवं त्याने हवं तेवढं घ्यायचं. गोडं वरण-भात-तूप तीन वर्षांची मुलगी पण खाते आणि ऐंशीचे आजोबा पण खातात. इकडे आल्यावर होतं काय की वेळ नाही म्हणून आपण ती डावी बाजूच सोडून देतो, चार चमचे तिखट एकदमच भाजीत जातं, मग ती भाजी मुलांच्या तोंडाला लागत नाही आणि दुसऱ्या गॅसवर पास्त्याचं पाणी चढतं.

तेव्हा तिखट भांड्यातून काढा आणि ताटात आणा. एवढं एकच करायचंय, बाकी सगळं त्यातून आपोआप येतं.

त्यासाठी रविवारी अर्धा तास द्या आणि एखादी कोरडी चटणी करून ठेवा. सोलापुरी शेंगदाण्याची असो, लसूण-खोबऱ्याची असो, कारळाची असो, नाहीतर जवसाची. जवस तर युरोप-अमेरिकेत कुठल्याही सुपरमार्केटात मिळतं, मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचं, लाल तिखट, मीठ, जिरं, सुकं खोबरं घालून जाडसर वाटायचं. कोरड्या बरणीत फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे छान राहते. ठेचा करत असाल तर जास्त करा आणि बर्फाच्या ट्रेमध्ये घालून फ्रीझ करा, लागेल तशी एकेक वडी काढायची. पिठलं मुलांसाठी सौम्य केलंय म्हणून आपलं जेवण अळणी होतं असं अजिबात नाही, ठेच्याची वडी असली की झालं.

दुसरी युक्ती विदर्भातली, वरून फोडणी घालायची. कढल्यात तेल तापवायचं, मोहरी, हिंग, भरपूर ठेचलेला लसूण, गॅस बंद करून मग लाल तिखट, आणि हे तेल फक्त मोठ्यांच्या ताटात घ्यायचं. गॅस बंद केल्यावर तिखट घालणं महत्त्वाचं आहे, एक तर ते जळत नाही आणि दुसरं म्हणजे ठसका उठून स्मोक अलार्म वाजत नाही. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता पदार्थ. पास्त्याची सवय लागलेल्या मुलांसाठी माझं पहिलं उत्तर कायम चकोल्या, म्हणजे वरणफळं. तुरीची वाटीभर डाळ हिंग-हळद घालून अगदी मऊ शिजवून घ्या. दीड वाटी कणीक, मीठ, हळद, ओवा आणि चमचाभर तेल घालून पुरीसारखी घट्ट भिजवा. फोडणीत मोहरी, जिरं, कढीपत्ता, त्यात घोटलेली डाळ, चार-पाच वाट्या पाणी, दोन-तीन आमसुलं, गुळाचा खडा, मीठ आणि गोडा मसाला, आणि हे खळखळ उकळायला लागलं की लाटलेल्या पोळीचे शंकरपाळ्यासारखे तुकडे एकेक करून सोडायचे, सगळे एकदम टाकले तर एकमेकांना चिकटून गोळा होतो. दहा-बारा मिनिटं शिजू द्या. आमटी सुरुवातीला तुम्हाला वाटते त्यापेक्षा पातळच ठेवा कारण कणकेने ती झपाट्याने दाट होते, आणि ताटात येईपर्यंत अजून आळते. तुकडे कापायचं काम मुलांना द्या, कुकी कटर असेल तर तारे कापू देत, चंद्र कापू देत, स्वतः कापलेला तारा मूल शोधून शोधून खातं. वरून साजूक तूप. मोठ्यांनी तूप पण घ्यायचं आणि लसणाचं तेल पण. हे पूर्ण जेवण आहे, सोबत काकडीची नाहीतर गाजराची कोशिंबीर असली की झालं. डाळ सकाळीच शिजवून ठेवलीत तर संध्याकाळी पाऊण तासात सगळे टेबलवर.

त्याच वळणाचा वैदर्भीय गोळाभात करून बघा, तो इकडे फारसा कोणी करताना दिसत नाही याचं मला आश्चर्य वाटतं. हरभऱ्याची डाळ सकाळी भिजत घालायची, संध्याकाळी जाडसर वाटून त्यात हळद, हिंग, मीठ, जिरं, थोडं तेल घालून गोळे वळायचे आणि भात निम्मा शिजत आला की त्यावर ठेवून झाकण लावायचं, वाफेवर शिजतात. मुलांचे गोळे आधी वळून घ्या, मग उरलेल्यात तिखट घाला. ताटात गोळा भातात कुस्करायचा आणि वरून हिंग-मोहरीचं गरम तेल. सोबत ताकाची कढी. जर्मनीत सुपरमार्केटमध्ये मिळणारं बटरमिल्क आपल्या ताकाच्या बरंच जवळ जातं, कढीला चालतं, फक्त बेसन आधी नीट घुसळून लावा आणि उकळी येईपर्यंत ढवळत रहा.

पिठल्याबद्दल जास्त सांगत नाही, एक वाटी बेसनाला तीन-साडेतीन वाट्या पाणी आणि पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मिरची बारीक चिरू नका, उभी चिरून मोठे तुकडे घाला म्हणजे मुलांना वाढताना बाजूला काढता येतात. कांद्याच्या पातीचा झुणका करायचा असेल आणि पात मिळत नसेल तर लीक, म्हणजे कांद्याच्याच जातीची जाड पात, वापरा, बारीक चिरून, त्याला गोडसर चव येते आणि मुलांना ती आवडते.

इथल्या भाज्यांना आपल्या पद्धतीत बसवणं हा खरंच आनंदाचा भाग आहे, त्याकडे तडजोड म्हणून बघू नका. अळू नाही मिळालं तर चार्ड या पालकासारख्या पालेभाजीची पानं घ्या, देठासकट, हरभरा डाळ आणि शेंगदाणे शिजवून घालून चिंच-गूळ, थोडं बेसन लावून केलेलं फदफदं सुरेख होतं आणि घशाला खाजायची भीती पण नाही. बटरनट स्क्वॉश वाफवून, दही, दाण्याचं कूट, मीठ-साखर आणि जिऱ्याची फोडणी घातली की लाल भोपळ्याचं भरीत, गोडसर असल्यामुळे लहान मुलं वाटी चाटून पुसून खातात. झुकिनी किसून थालीपिठात. भाजणी संपली असेल तर ज्वारीचं पीठ, कणीक, बेसन, तांदळाचं पीठ, धने-जिरे पूड एकत्र करून काम भागतं, भाजणीचा खमंगपणा येत नाही हे मान्य, पण मंगळवारी रात्री ते चालतं. थालीपीठ ओल्या बेकिंग पेपरवर थापा आणि तसंच तव्यावर उलटं टाकून कागद सोडवून घ्या.

उसळींमध्ये अख्खा मसूर सगळ्यात सोयीचा, इस्लामपूर-कराडकडचा ढाब्यावरचा असतो तो. मोड आणायची गरज नाही, भिजवला तर उत्तम, नाही भिजवला तरी कुकरमध्ये शिजतो. मुलांची वाटी आधी काढून घ्या, मग कांदा-लसूण मसाला घाला. मटकीला मात्र मोड पाहिजेतच आणि थंडीत ते येत नाहीत अशी तक्रार असते, तर भिजवलेली मटकी निथळून, ओल्या फडक्यात बांधून बंद ओव्हनमध्ये फक्त दिवा लावून ठेवा, नाहीतर इन्स्टंट पॉट या विजेच्या कुकरच्या दह्याच्या सेटिंगवर सगळ्यात कमी तापमानाला. एकदम जास्त मोड आणून फ्रीझरमध्ये टाकले तरी चालतात. कांदा-खोबऱ्याचं वाटण पण असंच महिन्यातून एकदा करून ठेवायचं.

मासे खाणाऱ्यांनी तर नशीब समजावं. इंग्लंड, नॉर्वेत बांगडा ताजा मिळतो. हळद, मीठ, आमसुलाचा आगळ किंवा लिंबू लावून ठेवायचा, रव्यात घोळवून थोडं तेल लावून ओव्हनमध्ये २०० डिग्रीला पंधरा मिनिटं, घरभर वास पण कमी राहतो. लहान मुलांना मात्र काटे काढूनच द्या. सोबत नारळाच्या दुधाच्या डब्यातली सोलकढी, मुलांच्या वाटीत मिरची नाही, आणि मऊ भात.

भातावरून आठवलं, रोजच्या वरणभाताला बासमती वापरू नका हो. त्याचे दाणे सुटे राहतात, वरण खाली जातं आणि लहान मुलांना घास धरता येत नाही. आंबेमोहोर किंवा इंद्रायणी मिळाला तर प्रश्नच नाही, नाहीतर सोना मसुरी, आणि ती पण नसेल तर थाई जास्मिन राइस घ्या, शिजल्यावर मऊ होतो आणि वास पण छान येतो. आणि डाळ शिजत नाही अशी तक्रार असेल, विशेषतः लंडन आणि आग्नेय इंग्लंडमधून ती फार येते, तर दोष डाळीचाच असेल असं नाही, तिथलं पाणी जड आहे, त्यातल्या कॅल्शियममुळे डाळ मऊ व्हायला वेळ लागतो. तासभर भिजवा, फिल्टर जगचं पाणी घ्या, आणि चिंच, आमसूल, टोमॅटो यातलं काहीही डाळ पूर्ण शिजल्याशिवाय घालू नका, आंबटाने पण ती तशीच अडते.

पोळ्यांचं काय, हा प्रश्न येणारच. माझं स्पष्ट मत आहे की दोघंही नोकरी करत असाल तर आठवड्याच्या दिवशी रात्री पोळ्या लाटल्याच पाहिजेत असं काही नाही. कोकणात अख्खी घरं रात्री भातावर जेवत आलीयेत. पोळ्या शनिवार-रविवारी करा, गरम गरम, तव्यावरून ताटात, आणि नवरा भाजेल, तुम्ही लाटाल किंवा उलट. भाकरीची हौस असेल तर इथे मिळणारं ज्वारीचं पीठ बहुतेक वेळा जुनं असतं, त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते म्हणून भाकरी थापताना तुटते. त्याला उकळत्या पाण्यात उकड काढा आणि कोमट असताना खूप मळा, मग थापली जाते.

आता मुलं. पहिले काही दिवस कुरकुर होणार, पास्ता मागणार, मुलगी कदाचित ताटाला हातच लावणार नाही. घाबरू नका. टेबलवर रोज अशी एक तरी गोष्ट असू द्या जी ती नक्की खाते, दही-भात असेल, तूप-मीठ-भात असेल, काकडी असेल, आणि बाकीचं फक्त चमचाभर वाढा. किती खायचं ते तिला ठरवू दे. "एवढं संपव मग आइस्क्रीम" असं म्हणू नका, त्याने भाजी ही शिक्षा आणि आइस्क्रीम हे बक्षीस असं डोक्यात बसतं. नवीन चव मुलांना बऱ्याचदा समोर यावी लागते तेव्हा कुठे ती जिभेवर बसते, त्यामुळे तिसऱ्या वेळी नाही म्हणाली म्हणून तो पदार्थ कायमचा बाद करू नका. मुलगा सहाचा आहे, त्याला डावी बाजू वाढायचं काम द्या, लिंबाच्या फोडी, मीठ, चटणी, कोशिंबीर. काही आठवड्यांनी तो स्वतःच चटणीत बोट बुडवून बघेल, तेव्हा कौतुकाचा गाजावाजा करू नका, बघू दे त्याला.

आणि जेवण सहा-साडेसहालाच आणा, मोठ्यांचं पण. जर्मनीत सगळं गावच त्या वेळेला जेवतं, मुलांना आठाच्या आत झोपवायचं असतं, मग आपणच आठची वेळ धरून कशाला बसायचं. रात्री नंतर भूक लागली तर दूध घ्या, फळ घ्या. ज्या दिवशी मीटिंग लांबली, ट्रेन चुकली, त्या दिवशी तांदूळ आणि मुगाची डाळ हळद-हिंग घालून कुकरला लावा, तूप घाला, पापड मायक्रोवेव्हमध्ये मिनिटभर. नाहीतर गुरगुट्या भात आणि मेतकूट. भारतातून येताना बॅगेत जागा ठेवायची ती गोडा मसाला, मेतकूट आणि आमसुलांसाठी, आणि विमानतळावर खाण्याचं जे विचारतील ते सरळ डिक्लेअर करा. ताजा कढीपत्ता मात्र अमेरिकेला नेऊच नका, लिंबू-संत्र्याच्या झाडांना रोग पसरवणारी कीड त्यावरून येते म्हणून त्याला बंदी आहे, तिथल्या इंडियन स्टोअरमध्ये मिळतो तोच घ्या.

आजी-आजोबांना जेवताना व्हिडिओ कॉल लावावा का, असं पण काही जणी विचारतात. तुमच्याकडे साडेसहा म्हणजे भारतात रात्रीचे दहा-अकरा, ते झोपायच्या तयारीत, त्यामुळे रोज नको, शनिवारी दुपारच्या जेवणाला लावा, तेव्हा तिकडे संध्याकाळ असते आणि गप्पा निवांत होतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून रात्रीच्या जेवणाला कॉल जमतच नाही, तिकडे पहाट असते. सिडनी-मेलबर्नवाल्यांचं मात्र छान जुळतं, त्यांच्या रात्रीच्या जेवणाच्या वेळी भारतात दुपारी एक-दोन वाजलेले असतात, आजीचं पण ताट वाढलेलं असतं, तेव्हा फोन टेबलवर उभा करून दोन्हीकडे बरोबरच जेवायला बसा.