डेंग्यू होऊन सहा महिने झाले, तरी रक्त का घेतलं नाही?

१४ एप्रिलच्या रक्तदान शिबिरात २३ वर्षांचा एक तरुण आला. वजन ५२ किलो, पहिलंच रक्तदान. ऑक्टोबरमध्ये डेंग्यू झाला होता आणि ५ तारखेला रुग्णालयातून घरी सोडलं होतं. डेंग्यूनंतर सहा महिने थांबायचं हे त्याने आधीच विचारून घेतलं होतं, दिवसही मोजले होते. फॉर्मवर ‘गेल्या वर्षभरात रक्त चढवलं आहे का’ या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहिलेलं.

समुपदेशकाने डिस्चार्ज कार्ड पाहायला मागितलं. त्यात १ ऑक्टोबरची नोंद होती: प्लेटलेटच्या चार पिशव्या चढवल्या.

“पण ते रक्त कुठे होतं? पिवळट पाणी होतं.”

ही चूक फार जण करतात. प्लेटलेट, प्लाझ्मा, लाल पेशी यातलं काहीही चढवलं तरी ते रक्त चढवल्यासारखंच. मग थांबायचं १२ महिने. चार पिशव्या म्हणजे बहुधा चार वेगवेगळे दाते. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गुप्तरोग (सिफिलिस) व मलेरिया अशी तपासणी होते. पण अगदी ताजा संसर्ग असेल तर तो तपासणीत न दिसण्याचा थोडा काळ असतोच. तो धोका पुढच्या रुग्णाकडे जाऊ नये म्हणून हे वर्ष. डेंग्यूची चाचणी तर या पाचांत नाहीच, म्हणून दात्याने फॉर्मवर खरं लिहिणं हीच तिथे चाळणी.

त्याला तारीख लिहून दिली: २ ऑक्टोबरनंतर या. “नाही म्हणाले” एवढंच ऐकून गेलेला दाता सहसा परत येत नाही.

इतर आजारांची मुदत वेगळी. मलेरियाला तीन महिने, टायफॉइडला एक वर्ष, क्षयरोगाला उपचार पूर्ण होऊन बरं झाल्याचं निश्चित झाल्यापासून दोन वर्षं. मोजायचं पूर्ण बरं झाल्यापासून, ताप उतरला त्या दिवसापासून नव्हे. कावीळ ब किंवा क झाली असेल तर रक्तदान कायमचं बंद.

ऑक्टोबरमध्ये तो आला, सोबत आई. त्यांची काळजी वेगळीच होती: “याच्या पांढऱ्या पेशी किती खाली गेल्या होत्या! आता रक्त काढलं तर परत अशक्तपणा येईल ना?”

डेंग्यूत पांढऱ्या पेशीही कमी होतात, पण आई म्हणत होत्या त्या प्लेटलेट. घरोघरी त्यांनाच पांढऱ्या पेशी म्हणतात एवढंच. बरं झाल्यावर त्या साधारण आठ-पंधरा दिवसांत पूर्ववत होतात, त्याचा आजच्या रक्तदानाशी संबंध उरत नाही. ५२ किलोच्या माणसात साधारण साडेतीन लिटर रक्त असतं, त्यातलं घ्यायचं ३५० मिली. (४५० मिलीची पिशवी ५५ किलोच्या वर.) पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत भरून निघतो, लाल पेशींना चार ते आठ आठवडे लागतात. सावकाश भरतं ते लोह, म्हणून पुरुषांना दोन दानांत ९० दिवसांचं आणि स्त्रियांना १२० दिवसांचं अंतर. हिमोग्लोबिन किमान १२.५ लागतं, मोरचुदाच्या द्रावणात रक्ताचा थेंब बुडाला की ते पुरेसं आहे असं धरून पुढे जायचं. त्याचा बुडाला.

तरी लगेच घेतलं नाही. नवरात्राचा उपवास, सकाळपासून फक्त चहा. पहिल्यांदा देणारा, तरुण, वजन कमी आणि वर रिकामं पोट: चक्कर येते ती बहुतेक अशांनाच. गेल्या चार तासांत खाल्लेलं हवं. उपवास मोडायची गरज नव्हती; साबुदाण्याची खिचडी खाऊन, दोन पेले पाणी पिऊन तो तासाभराने परत आला.

सुई टोचताना नजर दुसरीकडे. सुई आत असताना पायांवर पाय टाकून मांड्या आवळायच्या आणि सोडायच्या, त्याने रक्तदाब टिकतो. पिशवी सात-आठ मिनिटांत भरली. गडबड पुढेच होते: दाते लगेच उठून फोटोला उभे राहतात आणि कोसळतात. म्हणून दहा-पंधरा मिनिटं आडवं राहायचं, मग बसायचं, मग सरबत. पट्टी चार तास, त्या हाताने दिवसभर जड उचलायचं नाही. कोपराजवळ काळंनिळं झालं तर थंड शेक. ते आठवड्याभरात जातं.

निघताना आईंना रक्तपेढीचा नंबर दिला. पुढच्या काही दिवसांत मुलाला ताप आला, किंवा फॉर्मवर सांगायचं काही राहून गेल्याचं आठवलं, तर त्याच दिवशी कळवायचं. पिशवी अजून रुग्णाला दिलेली नसेल तर ती बाजूला काढता येते.