'शुल्ट्स' आणि 'शुल्ड'

एका वाचकाने विचारले आहे की, युरोपीय संसदेचे माजी अध्यक्ष मार्टिन शुल्ट्स यांचे आडनाव जर्मन 'शुल्ड' म्हणजे 'दोष, अपराध' या शब्दावरून आले आहे काय, आणि तसे असेल तर असले आडनाव कोणी का लावावे. दोन्ही शब्दांचे नाते खरे आहे. मात्र या आडनावाचा मूळ धनी अपराधी नव्हता, तो गावचा कारभारी होता.

'शुल्ट्स' हे 'शुल्टहाइस' या पदनामाचे झिजलेले रूप आहे. त्याच्या पूर्वार्धात 'देणे, बांधिलकी' या अर्थाचा 'शुल्ड' आहे आणि उत्तरार्धात 'फर्मावणे' या अर्थाचे क्रियापद, म्हणजे ज्याचे जे देणे असेल ते चुकते करण्यास फर्मावणारा तो शुल्टहाइस. जमीनमालकाच्या वतीने येणे वसूल करावे आणि गावच्या न्यायसभेचे काम चालवावे, असा हा अधिकार असल्याने मराठी वाचकाला 'पाटील' आठवणे स्वाभाविक आहे, कारण तेथेही पदाचेच आडनाव झाले. मध्ययुगात पूर्वेकडे ज्या नव्या जर्मन वसाहती झाल्या, तेथे तर गाव वसवणाऱ्यालाच हे पद पुष्कळदा वंशपरंपरेने मिळे. आपण त्याला वतन म्हटले असते. शहरांतही हे पद होते: महाकवी गटे यांच्या आईचे वडील फ्रांकफुर्टचे शुल्टहाइस होते.

आता 'शुल्ड'कडे वळू (उच्चारात शेवटचा 'ड' जवळजवळ 'ट' होतो). या शब्दाचा जुना अर्थ 'जे करणे वा देणे भाग आहे ते', आणि 'करायला हवे' या अर्थाचे 'झोलन' हे क्रियापद त्याचेच भावंड आहे. आजच्या बोलीत 'इश बिन शुल्ड' म्हणजे 'चूक माझी', तर 'इश हाबं शुल्डन' म्हणजे 'माझ्यावर कर्ज आहे'. एकवचन बहुधा दोषाकडे झुकते आणि अनेकवचन थेट सावकाराच्या दारात नेऊन सोडते. आडनावात मात्र देण्याचाच अर्थ आहे, दोषाचा नाही. 'शूलं' म्हणजे शाळा, या शब्दाशीही आडनावाचा संबंध नाही. तो लॅटिनमधून आलेला आहे.

प्रदेशागणिक या आडनावाची रूपे बदलतात. वेस्टफालियात 'शुल्टं' आढळते, तर सायलेशियाकडचे रूप 'शोल्त्स', जे 2021 ते 2025 या काळात जर्मनीचे चान्सेलर असलेल्या ओलाफ शोल्त्स यांच्यामुळे आपल्याकडील वर्तमानपत्रांतही रुळले. पोलिश भाषेने तर मूळ पदनामच उसने घेतले असून पोलंडमधील गावप्रमुखाला आजही 'सोव्तिस' म्हणतात.