परसातली कोंबडी: आधी खुराडे, मग पिल्ले

पावसाळा सरत आला की पिल्ले आणायची घाई सुरू होते आणि वाचकांची पत्रेही त्याच सुमाराला वाढतात. या वेळची चार उत्तरे.

आमचे घर चिपळूणजवळ आहे. पंधरा गावठी कोंबड्यांसाठी खुराडे केवढे बांधू? जुने खुराडे मुंगसाने दोनदा फोडले.

रात्री मोकळी हवा मिळावी म्हणून मोठ्या कोंबडीला दोन चौरस फूट जागा धरा. आठ फूट लांब, चार फूट रुंद खुराडे तुम्हाला पुरेल. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे दुपारचे ऊन थेट आत येत नाही. कोकणातल्या पावसाला जोते दीड फूट तरी उंच हवे आणि वळचण तीन फूट बाहेर काढलेली हवी. खालून दीड फूट भिंत घ्या, त्यावर जाळी. पावसाळ्यात नैऋत्येकडून झड येते, त्या बाजूला ताडपत्री सोडा, पण वरची वीतभर फट उघडीच ठेवा. ताडपत्री गच्च बांधून कोंबड्या उबदार ठेवल्या असे वाटते. खरे तर आत विष्ठेचा वाफारा कोंडतो आणि सर्दी-घरघर तिथूनच सुरू होते. उकिडवे बसून नाक खाली न्या. डोळे चुरचुरले तर खाली पसरलेले भाताचे तूस हलवायची वेळ झाली आहे.

आता मुंगूस. षट्कोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, पण मुंगसाला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाच्या छिद्रांची वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्डिंगने जोडलेली ताठ जाळी घ्या. जोते मातीचे असेल तर हीच जाळी बाहेरच्या बाजूने फूटभर जमिनीत आडवी पसरून वर दगड-माती दाबा. मुंगूस भिंतीच्या कडेलाच उकरतो, जाळी लागली की थांबतो. दाराला नुसती कडी नको, खुंटी घाला. कोंबड्या तिन्हीसांजेला आपणहून आत येतात, तेव्हा मोजून दार लावायचे हे काम घरातल्या एकाच माणसाकडे द्या.

बसायला दोन इंच रुंद लाकडी दांडे, प्रत्येकीला आठ इंच, आणि दोन्ही दांडे एकाच उंचीवर. एक वर, एक खाली ठेवलात तर वरच्यासाठी रोज मारामारी होते. अंड्यांसाठी फूटभर लांबी-रुंदीची तीन खोकी, अंधाऱ्या कोपऱ्यात, दांड्यांपेक्षा खाली.

बारामतीहून विचारतात: गिरिराजा जातीची एक दिवसाची चाळीस पिल्ले आणली, वर नऊ वॅटचा एलईडी बल्ब लावला. दुसऱ्या सकाळी कोपऱ्यात अकरा मेलेली सापडली. रोग असेल का?

वाचून फार वाईट वाटले. हा रोग नाही, गारठा आहे. एलईडी बल्ब उजेड देतो, ऊब देत नाही. पिल्लांना तारेचा जुना पिवळा बल्बच लागतो, पिल्लामागे साधारण दोन वॅट. चाळीस पिल्लांना चाळीस वॅटचे दोन लावा. एक गेला तरी दुसरा जळत राहतो. पिल्लांच्या उंचीवर पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअस ठेवायचे आणि दर आठवड्याला सुमारे तीन अंश उतरवत जायचे.

दुसरी चूक कोपऱ्याची. थंडी वाजली की पिल्ले कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. पुठ्ठ्याचे किंवा पत्र्याचे दीड फूट उंचीचे गोल कडे करा, कोपराच राहणार नाही. खाली दोन इंच भाताचे तूस, त्यावर पहिले दोन-तीन दिवस वर्तमानपत्र, नाहीतर ती तूसच टिपतात. आणल्या आणल्या गूळपाणी, मग मक्याचा भरडा, दुसऱ्या दिवसापासून पिल्लांचे खाद्य.

थर्मामीटर नसला तरी पिल्ले सांगतात. बल्बखाली गोळा झाली तर बल्ब खाली घ्या. कड्याला टेकून चोची उघडून धापा टाकत असतील तर वर घ्या. सगळी एकाच बाजूला सरकली तर दुसरीकडून वारा लागतो आहे. माझी स्वतःची सोळा पिल्ले एका रात्री वीज गेल्यावर गेली. तेव्हापासून चुलीशी विटा तापवून गोणपाटात गुंडाळायची तयारी मी ठेवतोच. पहिले सात दिवस रात्री दोनदा उठून बघा. यावर दुसरा उपाय नाही.

गावठी कोंबड्या काटक असतात. त्यांना लसी खरंच लागतात का?

लागतात. मानमोडी (राणीखेत) काटकपणा बघत नाही, आठवड्यात अख्खे खुराडे रिकामे करते. साधारण क्रम असा: पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा ही मानमोडीची लस, डोळ्यात किंवा नाकात थेंब, चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहाव्याला देवीची, आठव्याला आर टू बी ही मानमोडीचीच दुसरी लस. तुमच्या भागातला नेमका क्रम पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. लसीची बाटली बहुधा शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची असते आणि कालवल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. म्हणून वाडीतल्या चार-पाच घरांनी एकच दिवस ठरवा, बर्फात घालून आणा, आजारी पक्षी वगळा.

एकाएकी बऱ्याच मेल्या तर कापून बघू नका, खाऊ नका, उकिरड्यावर टाकू नका. लगेच दवाखान्याला कळवा. २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच महाराष्ट्रात, नवापूरला आढळला होता.

खुडूक बसलेल्या गावठी कोंबडीखाली विकतची पिल्ले सोडली तर चालतील? आणि अंड्यांसाठी कोंबडा ठेवावाच लागतो का?

कोंबड्याशिवायही अंडी मिळतात, पण त्यांतून पिल्ले निघत नाहीत. उबवायची असतील तर आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा.

पिल्लांचे म्हणाल, तर खुडूक कोंबडीइतका चांगला बल्ब नाही. मात्र ती दोन-तीन आठवडे अंड्यांवर बसलेली हवी आणि पिल्ले एक-दोन दिवसांचीच हवीत, दहा-बारापेक्षा जास्त नकोत. आधी तिच्या अंगावरच्या उवा-गोचिड्या बघून घ्या. काळोख झाल्यावर एकेक अंडे काढत तिच्या पोटाखाली एकेक पिल्लू सरकवा. दिवा लावू नका, बोलू नका. फटफटायच्या आधी जाऊन कान द्या. ती हळू आवाजात कुटकुटत असेल तर तिने घेतली. चोच मारत असेल तर लगेच पिल्ले उचलून बल्बखाली न्या. घेतली असतील तर पहिले दहा दिवस तिला पिल्लांसकट डालून ठेवा, बाकीच्या कोंबड्यांपासून वेगळी. घार आधी मोकळी पिल्लेच उचलते.