हप्ता सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतो

पीएम किसानचा हप्ता पडला की पुढचे आठ दिवस माझा फोन थांबत नाही. गावं बदलतात, प्रश्न तेच. म्हणून पुन्हा एकदा लिहितो.

प्रश्न : पीएम किसानचे २,००० आले, नमो शेतकरीचे नाहीत. योजना बंद झाली का?

पारावरच्या बातम्या ऐकू नका. पीएम किसानचा पैसा केंद्राचा, नमो शेतकरीचा राज्याचा. एकाच दिवशी पडतील असं नाही. पण पीएम किसान अडकलं की नमोही अडकतं, एवढं लक्षात ठेवा.

प्रश्न : माझ्या आणि पत्नीच्या नावावर वेगवेगळी जमीन आहे. दोघांनाही मिळेल ना?

नाही. नवरा, बायको आणि अज्ञान (१८ वर्षांखालची) मुलं मिळून एक कुटुंब, त्याला वर्षाला ६,०००. दोघं घेत असाल तर स्वतःहून तालुका कृषी कार्यालयात सांगा. अशी खाती तपासणीसाठी रोखली जाताहेत.

प्रश्न : वडील शिपाई म्हणून निवृत्त झाले. पेन्शन १०,००० च्या वर आहे. त्यांना हप्ता मिळेल का?

चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्याला १०,००० पेन्शनची मर्यादा नाही. आयकर मात्र भरलेला नसावा.

प्रश्न : आजोबा १९९८ मध्ये गेले, वडील २०१६ मध्ये. आम्ही तिघे भाऊ जमीन कसतो, पण हप्ता फक्त चुलत्यांना येतो. एक जण १,५०० रुपयांत नाव लावून देतो म्हणतो.

त्याला एक रुपयाही देऊ नका. तुमचा सातबारा काढून बघा. आजोबांचं नाव तसंच असेल, किंवा चुलत्यांच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' अशी तीन अक्षरं असतील. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. घरात मोठा म्हणून कधीकाळी त्यांचं एकट्याचं नाव लागलं, आणि सरकारच्या लेखी खातेदार तेच. घाम कुणाचा गळतो याची नोंद सातबाऱ्यात नसते.

वारसाने तीन महिन्यांत तलाठ्याला कळवावं, असं जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ मध्ये आहे. आपल्याकडे तेरावं वेळेवर होतं, वारस नोंद मात्र वीस वर्षं राहते. कारण विचारलं तर 'वेळ नाही मिळाला'. खरं कारण मला ठाऊक आहे : नोंद करायची तर आत्याचं, बहिणीचं नाव लागणार! अहो, लागणारच. त्यांचा हक्क आहे. नावं लपवून केलेली नोंद पुढे प्रांताधिकाऱ्याकडे अपिलात जाते आणि तेव्हा जो खर्च होतो त्यात हप्त्याची कित्येक वर्षं बुडतात.

तुम्हाला दोन पिढ्यांची नोंद करायची आहे : आधी आजोबांचे सगळे वारस, मग वडिलांचे. दोन्ही मृत्यू दाखले आणि वंशावळ घेऊन तलाठ्याकडे जा. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. ई-हक्क प्रणालीवरूनही अर्ज होतो. अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नका. नोंदीआधी वारसांना जाणाऱ्या नोटिशीला हरकत आली तर वकील गाठा, चुलत्यांशी भांडू नका. हप्त्यासाठी १ फेब्रुवारी २०१९ नंतर खरेदीने किंवा बक्षीसपत्राने आलेली जमीन अडचणीची ठरते, वारसाहक्काची नाही. म्हणून हप्त्याच्या अर्जाला जुना आणि नवा असे दोन्ही फेरफार (नाव बदलल्याच्या नोंदी) जोडा. नाव लागलं की फार्मर आयडी (शेतकऱ्याचा ओळख क्रमांक) काढा. तिघांची कुटुंबं वेगळी, तेव्हा तिघांनाही स्वतंत्र अर्ज करता येतो.

आणि मयताच्या खात्यात अजून हप्ता पडत असेल तर तो काढू नका. वसुली होते.

प्रश्न : गावच्या यादीत एका डॉक्टरांचं नाव आहे. तक्रार करावी का?

पीएम किसानच्या पोर्टलवर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की यादी कुणालाही दिसते. व्यवसाय करणारे नोंदणीकृत डॉक्टर अपात्रच. पण एकाच नावाची दोन माणसं गावात असतात. आधी खात्री करा, मग तालुका कृषी कार्यालयात लेखी द्या. व्हॉट्सॲपवर बदनामी करू नका.

प्रश्न : 'हप्ता अडकला, हे ॲप घ्या' अशा निरोपासोबत एपीके फाइल (फोनवर ॲप बसवणारी फाइल) आली. उघडली, पण पुढे काही झालं नाही.

झालं असेल, तुम्हाला दिसलं नसेल. फोनचं इंटरनेट बंद करा, दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा. हे उत्तर छापून येईपर्यंत थांबला नसाल अशी आशा आहे.