तलाठी, आशा, शिक्षक आणि एसटी चालकांना अणुआपत्तीसाठी कसं तयार करावं?

तारापूर अणुऊर्जा केंद्राभोवतीच्या १६ किलोमीटरच्या टापूत काम करणाऱ्या तलाठी, आशा, शिक्षक आणि एसटी चालकांना दोन दिवसांत काय शिकवावं, हा तुमचा प्रश्न. मागच्या प्रशिक्षणात अल्फा, बीटा, गॅमा किरणांच्या आकृत्या दाखवल्या आणि वर्ग गप्प बसून राहिला, असंही तुम्ही लिहिलंय. मी किरणोत्सार सुरक्षेच्या कामातून निवृत्त झालोय आणि अशा वर्गांना बरीच वर्षं शिकवलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

अणूपासून सुरुवात करूच नका. मोजमापाला भाभा अणुसंशोधन केंद्राची पथकं येतील, पुण्याजवळ तळ असलेली एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) पाचवी बटालियन येईल. तारापूर केंद्राच्या कुंपणाबाहेरच्या आपत्तीची सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात. तलाठ्याला जे रोज जमतं तेच तेव्हाही हवं असतं: कुठल्या पाड्यावर कोण अंथरुणाला खिळलंय, कुणाकडे तान्हं मूल आहे, कुठपर्यंत बस जाते आणि पुढे कुठे चालावं लागतं. हे कुठल्याही शास्त्रज्ञाला माहीत नसतं. हेच काम किरणोत्साराचा धोका असताना करायचं झालं तर काय बदलतं, एवढंच शिकवायचं आहे.

पहिला तास त्यांच्या स्वतःच्या घरच्यांसाठी ठेवा. कर्मचारी बोईसर, चिंचणी, तारापूर अशाच गावांत राहतात. आपली मुलं कुठल्या बसने आणि कुठे जाणार, हे ज्याला ठाऊक नाही तो कामावर हजर राहील असं गृहीत धरणं अन्यायाचं आहे. कुटुंबाला कोण नेणार, कुठे भेटायचं, हे प्रत्येकाकडून कागदावर लिहून घ्या आणि त्याची एक प्रत कार्यालयात ठेवा. मगच पुढचं बोला.

याच तासात जपानमधल्या फुकुशिमा अणुकेंद्राच्या अपघाताची एक हकीकत सांगा. मार्च २०११ मध्ये ओकुमा गावातल्या फुताबा रुग्णालयातून अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध रुग्णांना घाईघाईने बसमध्ये घालून हलवलं. काही जण दहा तासांच्या आसपास, २०० किलोमीटरहून जास्त फिरून एका शाळेत पोचले, आणि तिथे उपचारांची सोय नव्हती. त्या रुग्णालयाचे आणि त्याच्या वृद्धाश्रमाचे मिळून चाळीसहून जास्त रुग्ण दगावले. किरणोत्साराने नाही, प्रवासाने, थंडीने, औषध-पाण्यावाचून. ही हकीकत ऐकली की आपल्या हातातली यादी म्हणजे काय, हे आशाताईंना लगेच समजतं. डायलिसिसवर कोण, बाळंतीण कोण, इन्सुलिन कुणाला लागतं, हे आधी लिहिलेलं असेल तर माणसं वाचतात.

आता थोडं शास्त्र, पण हाताने करून. किरण अंगावर पडणं आणि किरणोत्सारी धूळ अंगाला लागणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली उन्हासारखी: सावलीत गेलात की संपली, ऊन काही तुमच्याबरोबर घरात येत नाही. दुसरी चिखलासारखी: अंगाला लागते, घरभर पसरते, पण काढता येते. वरचे कपडे काढून पिशवीत बांधले तरी अंगावरचं बहुतांश दूषण जातं, उरलेलं साबण-पाण्याने. जखमी माणसाला मात्र धुण्यासाठी ताटकळत ठेवायचं नाही. आधी जीव, मग धूळ. हे वाक्य वर्गात दहादा म्हणवून घेतलं तरी चालेल, कारण भीतीपोटी पेशंटला हात न लावणारे सगळीकडे भेटतात.

सर्व्हे मीटर, म्हणजे किरणोत्सार मोजायचं हातातलं यंत्र, प्रत्येकाच्या हातात द्या. शक्य असेल तर जुन्या गॅसबत्तीचं, किंचित किरणोत्सारी थोरियम असलेलं मॅन्टल (जाळी) पारदर्शक पिशवीत बंद करून आणा. मीटर जवळ नेलं की टकटक वाढते, हातभर मागे घेतलं की कमी होते. अंतर वाढवलं की मात्रा घटते, हे पाचच मिनिटांत पटतं. काही मच्छीमार कुटुंबांनी ते मॅन्टल वर्षानुवर्षं वापरलेलं असतं, त्यामुळे भीतीही जरा उतरते.

आकडे मोजकेच द्या, पण टाळू नका. ‘मला किती लागेल?’ हा प्रश्न येणारच आणि त्याला उडवाउडवीचं उत्तर दिलं तर वर्ग हातचा जातो. निसर्गातून माणसाला वर्षाकाठी जगभरात सरासरी सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट (किरणोत्साराची मात्रा मोजायचं एकक) मिळतात. किरणोत्साराच्या कामावरच्या माणसाची मर्यादा ५ वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या २०१५ च्या नियमांनुसार आपत्तीत मदतीला आलेल्या सामान्य माणसाला पूर्ण कामगिरीत मिळून ५० च्या वर जाऊ द्यायचं नाही. म्हणजे जिथे जास्त धोका तिथे तलाठ्याला पाठवायचंच नाही. डोसीमीटर (अंगावर किती मात्रा पडली ते मोजणारं छोटं यंत्र) नसेल तर पुढे जायला नकार देण्याचा त्याला हक्क आहे, हे त्याच्या वरिष्ठांसमोर स्पष्ट सांगा. आशा आणि अंगणवाडी सेविकांमध्ये गरोदर स्त्रिया असतील; त्यांचं काम टापूबाहेरच्या निवारा केंद्रात, हे आजच ठरवा.

वाऱ्याचा भाग निवांत शिकवा. १६ किलोमीटरचा टापू १६ विभागांत वाटलेला असतो, आणि कुठला विभाग हलवायचा हे वारा ठरवतो. तारापूरला दिवसा वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो, रात्री उलटा होतो, पावसाळ्यात नैऋत्येकडून. फुकुशिमाच्या अपघातात जवळच्या नामिए गावचे लोक त्सुशिमा भागात आसऱ्याला गेले आणि किरणोत्सारी ढग तिकडेच वळला होता. वाऱ्याचा अंदाज गावापर्यंत पोचलाच नव्हता. म्हणून ‘केंद्रापासून लांब’ म्हणजे सुरक्षित, असं कुणाला शिकवू नका. कुठल्या रस्त्याने जायचं ते नियंत्रण कक्ष सांगेल, आणि चालकाने आपल्या मनाने जवळचा रस्ता धरायचा नाही.

इथल्या दोन-तीन गोष्टी छापील आराखड्यात सहसा नीट येत नाहीत. ‘घरात थांबा, दारं-खिडक्या लावा’ ही सूचना विटांच्या घरासाठी ठीक. पाड्यावरच्या कुडाच्या झोपडीत तिचा फारसा उपयोग नाही. तिथल्या लोकांना कुठल्या पक्क्या आश्रमशाळेत आणायचं, हे पाडा धरून ठरवा. घिवली, उच्छेळी, दांडी, नवापूरच्या होड्या समुद्रात असतील. त्यांना वायरलेसवरून कोण आणि कोणत्या बंदरात यायला सांगणार? आणि औद्योगिक वसाहतीत रासायनिक अपघात झाला तरी भोंगा वाजतो. भोंगा ऐकून लोक पळत सुटू नयेत म्हणून भोंग्यामागोमाग ध्वनिक्षेपकावरून काय बोलायचं, ती तीन वाक्यं मराठीत, हिंदीत आणि वारलीत तयार ठेवा. वारलीतली वाक्यं पाड्यावरच्याच माणसाकडून वदवून घ्या.

आयोडीनच्या गोळीबद्दल थोडक्यात: ती फक्त थायरॉइडला किरणोत्सारी आयोडीनपासून वाचवते, बाकी कशापासून नाही. किरणोत्सारी आयोडीन शरीरात जाण्याच्या थोडं आधी किंवा लगेच नंतरच्या काही तासांत घेतली तर उपयोग. मुलं, गरोदर आणि स्तनदा माता आधी. आदेशाशिवाय वाटायची नाही. जखमेवर लावायचं आयोडीन पिणारे निघतात, त्यांना थांबवणं हेही आशांचंच काम.

दुसऱ्या दिवसाचा निम्मा वेळ निवारा केंद्रावरच्या रांगेला द्या, कारण खरा भार तिथेच पडतो. ब्राझीलच्या गोयानियात १९८७ मध्ये बंद पडलेल्या रेडिओथेरपी दवाखान्यातला किरणोत्सारी सीझियमचा स्रोत भंगारात गेला. चार जण दगावले. तपासणीसाठी मात्र १,१२,००० हून जास्त लोक स्टेडियमवर आले, आणि त्यांत दूषण आढळलं ते २४९ जणांत. म्हणजे मीटर धरणारे थोडे पुरतात. नाव लिहिणारे, पाणी देणारे, मूल शोधून देणारे, ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ हे शांतपणे पुन्हापुन्हा सांगणारे शेकडो लागतात. शिक्षक इथे फार उपयोगी पडतात. शाळेच्याच आवारात दोऱ्या बांधून खरी रांग लावा: येण्याची वाट आणि जाण्याची वाट वेगळी, काढलेल्या कपड्यांच्या पिशवीवर नाव, बदलायला कोरडे कपडे, बायकांसाठी आडोसा. आडोसा नसेल तर बायका कपडे काढणार नाहीत आणि सगळी तपासणी अडून बसेल.

मोठी तालीम दोन वर्षांतून एकदा होते आणि मधल्या काळात बदल्या होतात. शिकलेला तलाठी निघून जातो, नवा येतो तो कोरा. म्हणून पाड्यांच्या याद्या, होड्यांचे नंबर, आश्रमशाळेच्या चावीचा ठावठिकाणा आणि ती तीन वाक्यं, हे सगळं एका पातळ फाइलमध्ये घाला आणि कार्यभार हस्तांतराच्या यादीत ती फाइल नावानिशी लिहा. रुग्णांची यादी आशांकडून दर तीन महिन्यांनी ताजी करून घ्या. नमुन्यासाठी एका पाड्याची यादी भरून इथे टाकलीत, अर्थात रुग्णांची नावं झाकून, तर मी रकाने तपासून देतो.