सही करण्याआधी

प्रश्न : मुलगा चाकणच्या मोटार कारखान्यात १२ वर्षं कायम कामगार आहे. कामगार कपात चालू आहे. ‘राजीनामा द्या, पॅकेज घ्या’ म्हणतायत. सही करावी का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : घाईने मुळीच नको. ‘स्वेच्छेने राजीनामा’ लिहून दिला की ती कपात ठरत नाही. दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई हातची जाते. तीनशे किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्याला कपातीसाठी सरकारी परवानगी आणि तीन महिन्यांची नोटीस लागते, म्हणून तर राजीनाम्याचा आग्रह!

ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना केलेल्या सेवेबद्दल मिळणारी रक्कम, वेगळी. महिन्याचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता २६,००० असेल तर भागिले २६ (महिन्याचे कामाचे दिवस), गुणिले १५ (दिवस), गुणिले १२ (वर्षं) : १,८०,००० रुपये. पुष्कळदा ही हक्काची रक्कम पॅकेजच्या आकड्यातच मिसळलेली असते. प्रत्येक आकडा सुटा लिहून मागा.