ट्रक अडवण्याआधी

पाटण, जि. सातारा

पोरी,

तुझं पत्र मिळालं. कड्याखालचं मालकी रान ठेकेदाराला दिलंय, रात्री कटर चालतोय आणि तुम्ही चौघं-पाचजण ट्रक अडवणार आहात, हे वाचून माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. आधी एवढं ऐक. रात्री असं रस्त्यात उभं राहू नका. गाडीचा नंबर, वेळ, जागा लिहून ठेवा, वन विभागाच्या 1926 वर फोन करा आणि सकाळी लेखी तक्रार देऊन पोच घ्या. पोच नसेल तर तक्रार दिलीच नाही असं धर.

मी ट्रक अडवला होता. घोषणा दिल्या, पोरं पुढं आडवी झाली. ड्रायव्हरनं वाहतूक पास दाखवला, ओंडक्यांवर वन खात्याच्या हातोड्याचा शिक्काही होता. सगळं कागदोपत्री नीट. सकाळी कळलं, रान एका विधवा बाईचं. पोराच्या ऑपरेशनसाठी तिनं दिलेलं, आणि आलेल्या पैशात ऑपरेशनही भागलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "रान तुटताना आलास. पोर अंथरुणावर होतं तेव्हा कुठं होतास?" मला उत्तर देता आलं नाही.

तेव्हापासून मी आधी सातबारा बघतो. आपल्याकडं एकेका गटावर पंधरा-वीस हिस्सेदार, त्यातले निम्मे मुंबईत माथाडीत. ठेकेदार गावातल्या दोघांच्या सह्या घेतो, बाकीच्यांना रान गेल्यावर कळतं. त्यांना घणसोली-कोपरखैरण्यात जाऊन भेट. गणपतीला गावी येतील तेव्हा पुन्हा भेट. कुणाला कशाची नड आहे ते नुसतं ऐकून घे, पहिल्या भेटीत झाडाचं नावही काढू नकोस. कर्नाटकातल्या शिरसीकडच्या साळकणीत 1983 साली लोकांनी झाडांना मिठ्या मारल्या. सुपारीच्या बागांना लागणारा पाला त्याच रानातला होता, म्हणून ते रान त्यांच्या घरातलंच होतं. आपल्याकडं हिरडा आहे, शिकेकाई आहे. त्यातून वर्षाला काय हाती येतं आणि ठेकेदार एकदाच काय टेकवतो, हा हिशोब त्यांच्याच ओट्यावर, त्यांच्याच तोंडून होऊ दे.

कायदाही वाच, पण नीट वाच. 1964 च्या झाडतोड अधिनियमात परवानगीशिवाय तोडता न येणाऱ्या झाडांची यादी आहे. तीत आंबा, फणस, जांभूळ, हिरडा, ऐन, किंजळ आहेत. आपली अंजनी नाही. यादीत ‘अंजन’ दिसेल, पण ते कोरड्या मुलखातलं निराळंच झाड. अर्जात अंजनी ‘आडजात’, म्हणजे किरकोळ लाकूड, म्हणून जाते. उन्हाळ्याच्या तोंडाला जिच्या फांद्या निळ्या-जांभळ्या फुलांनी झाकून जातात, जिचं मनगटाएवढं खोड व्हायला वर्षानुवर्षं लागतात, ती कागदावर आडजात! मला याचा अजून संताप येतो. म्हणून गावच्या जैवविविधता समितीच्या नोंदवहीत अंजनी, पिसा, गेळा नावानिशी लिहून घ्या. वही कपाटात पडून असेल तर ग्रामसभेत मागा.

सांगलीकडच्या भोसे गावचा वड तुला ठाऊक असेल. 2020 मध्ये महामार्गात जाणार होता, लोक उभे राहिले, रस्ता वळला. दोन वर्षांनी पावसात तो वड आपोआप कोसळला. ‘काय उपयोग झाला?’ असं कुणी म्हणालं तर वाद घालत बसू नकोस. करवतीनं गेला नाही, एवढं मला पुरतं.

आणि तुझं रान तुटलंच तर पाठ फिरवू नकोस. अंजनीच्या खुंटाला धुमारे फुटतात. गुरं आणि वणवा आत येऊ दिला नाही तर ती पुन्हा उठते. त्या बाईच्या रानाभोवती आम्ही दर हिवाळ्यात वणवा अडवायला जाळरेषा काढतो. तिचा पोरगा कोयता घेऊन पुढं असतो. धुमारे आता माझ्या डोक्यावर गेलेत.

रविवारी पहिल्या एसटीनं ये. सातबाऱ्याची नक्कल आण, शिंप्याची टेप आण. उरलेल्या झाडांचे घेर मोजून घेऊ, मग दुपारी पहिल्या हिस्सेदाराकडं जाऊ. मीही येतो.

तुझा,
काका